दिवाणजींचा काळा कोट

*ताई,*

*मी धरणगावचा. वय ४७. बी.कॉम. झालो त्या दिवाळीपासून एकाच जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना) दिवाणजी आहे, २४ वर्षं झाली. पगार २२ हजार. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीला. मंडळी घरी शिवणकाम करते. वडिलांच्या नावावर तीन एकर कोरडवाहू आहे.*

*फेब्रुवारीत ओळखीचा एक शेतकरी माझ्याकडे आला. त्याने खेडा खरेदीवाल्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला १४ क्विंटल कापूस दिला होता. त्याचा ९८ हजारांचा चेक, ५ जानेवारीचा. ९ तारखेला बँकेतून परत आला. व्यापारी 'आज देतो, उद्या देतो' करत राहिला आणि हा माझ्यापर्यंत पोचला १६ फेब्रुवारीला. चेक परत आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते एवढं मला माहीत होतं, म्हणून सांगितलं की मुदत गेली, आता काही होत नाही. त्याने चेकची घडी केली, खिशात घातली आणि गेला. त्या रात्री मला झोप नाही.*

*तेव्हापासून डोक्यात एकच आहे, एलएल.बी. करायचं आणि इथेच धरणगावात वकिली करायची. वकिलाला मान असतो, दिवाणजीला कोण विचारतं? वडिलांना बोललो तर म्हणाले, 'आते या वयमा वकील व्हशी का तू?' मंडळीला अजून सांगितलेलं नाही. पाठांतर आता होईल का, हीपण भीती आहे. काय करू?*

*– एक दिवाणजी*

भाऊ,

पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, तो चेकसाठी. मुदतीची गोष्ट होती, सदर छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. ती हकिकत शेवटी सांगते. तुमचा दुसरा प्रश्न मात्र 'सदरात लिहिते' म्हणून मी टाळला, कारण त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं.

वयाचं आधी उरकून टाकू. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला वयाची वरची अट नाही. कुठल्याही शाखेची पदवी, खुल्या गटाला ४५ टक्के, आणि राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. ती मराठीतूनही देता येते, पर्यायी प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. राहिलं पाठांतर. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी विकणाऱ्याने नाही तर घेणाऱ्या जिनिंगने भरायचा, हा उलटा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागला. तेव्हा तुम्ही चाळिशीला टेकला होतात. कुठल्या क्लासला गेला होतात तो शिकायला? पहिल्या महिन्यात घोळ झाला असेल, दुसऱ्या महिन्यात बसला. कायद्याचा अभ्यास बराचसा असाच असतो. नियम, त्याला अपवाद, आणि अपवादाची तारीख.

पण हे घरबसल्या होत नाही. दूरशिक्षणातून केलेली एलएल.बी. वकिलीसाठी चालत नाही. वर्गात बसावं लागतं, हजेरीचा ७० टक्क्यांचा नियम आहे. जळगावला मणियार लॉ कॉलेज आहे आणि धरणगावहून गाडीने जळगाव काही लांब नाही. अंतराचं मला काही वाटत नाही. मला भीती हंगामाची वाटते. गणपतीत मुहूर्ताचा काटा, म्हणजे हंगामाची पहिली खरेदी होते, दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते, आणि मग फेब्रुवारीपर्यंत तुम्ही घरी जेवायला तरी वेळेवर जाता का? विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. एकीकडे गाठींचा हिशेब, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, ११ आणि २० तारखेची जीएसटीची विवरणं, आणि दुसरीकडे संविधानाचा पेपर. शेठजी कितीही चांगले असले तरी डिसेंबरात दिवाणजीला १५ दिवस सोडणारा शेठ मी खान्देशात पाहिलेला नाही.

म्हणजे पूर्णवेळ नोकरी आणि एलएल.बी. ही एकत्र चालणार नाहीत. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घेतल्यावर तर चालतच नाहीत, कारण वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. सनद काढायला आता फारसा खर्च नाही. पूर्वी हजारोंनी पैसे घ्यायचे, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या गटासाठी ७५० रुपयांच्या वर नोंदणी शुल्क घेता येणार नाही असं सांगितलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. आणि मग कुणा वकिलाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं. त्या वर्षांत हातात काय पडतं, ते धरणगाव कोर्टाच्या आवारातल्या कुठल्याही तरुण वकिलाला चहा पाजून विचारा. पेट्रोलचा खर्च निघाला तरी खूश असतो तो.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं तेही सांगते. 'वकिलाला मान असतो.' भाऊ, मानासाठी जात असाल तर जाऊ नका. तुमचे सिनिअर तुमच्याहून १५ वर्षांनी लहान असतील. त्यांच्या फायली काखेत घेऊन तुम्ही मागे चालाल, आज आपला नंबर कितवा म्हणून बोर्ड बघायला तुम्हाला धाडतील, आणि तारीख मागायला उभे राहाल तेव्हा गुडघे भरून आलेले असतील. ज्या जिनिंगच्या फाटकात गाडीवाले 'दिवाणजी, दिवाणजी' करत आज तुमच्या मागे फिरतात, तिथला मान तुम्हाला दिसत नाही, कारण तो रोजचा झालाय.

हे मी ऐकीव लिहीत नाही. मी ४१ वर्षांची होते तेव्हा आमची पतसंस्था बंद पडली. १६ वर्षं तिथे क्लार्क होते. रोजकीर्द, खतावणी, जमेला निळी शाई आणि खोडायला लाल. संस्थेत पैसे कसे गेले ते वरच्यांना ठाऊक, पण ठेवीदार वरच्यांच्या दारात जात नसत, आमच्या दारात येत. एक निवृत्त गुरुजी दर शनिवारी यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवपावती. काही बोलायचे नाहीत, चहा घ्यायचे, पावती पुन्हा पिशवीत घालायचे आणि जायचे. तुमच्या शेतकऱ्याने चेकची घडी केली हे वाचलं आणि मला ती पिशवी आठवली. झोप का लागली नाही ते मला कळलं, एवढंच सांगायचं होतं.

घाबरून मी काय केलं? दोन बांगड्या मोडल्या आणि 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका कॉम्प्युटर क्लासला पैसे भरले. सहा महिन्यांनी हातात आलं एक रंगीत प्रमाणपत्र. ते अजून आहे, कपाटाच्या कागदाखाली. (बांगड्या नाहीत.) मग एका कर सल्लागाराकडे लागले. तो २७ वर्षांचा. मी त्याला 'सर' म्हणायचे, तो मला 'काकू'. पहिल्या दिवशी त्याने एक्सेल उघडून दिलं आणि मी बेरजा कॅल्क्युलेटरवर करून एकेक आकडा आत टाकत बसले. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पण तिसऱ्या महिन्यात एका व्यापाऱ्याच्या खात्यात १८ हजारांचा फरक सापडत नव्हता. तो मुलगा रात्रभर स्क्रीनकडे बघत होता. मी कागदावर छापून घेतलं, पेन्सिल घेतली, आणि अर्ध्या तासात सापडवून दिला. एक बिल दोन नावांनी दोनदा चढलं होतं. त्या दिवसापासून 'काकू, जरा बघता का' सुरू झालं. जुनं काम टाकून मी नव्या कामात गेले असं मला वाटत होतं, पण खरं तर जुनंच काम दुसऱ्या खोलीत नेऊन मांडलं होतं.

म्हणून मला तुमच्या बाबतीत एक वेगळा दरवाजा दिसतो. तुम्ही बी.कॉम. आहात. वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. पोर्टलवर अर्ज, आणि नोंदणीनंतर ठरलेल्या मुदतीत एक परीक्षा. मग दुसऱ्यांची विवरणं अधिकृतपणे भरता येतात. धरणगाव-पाळधीच्या पट्ट्यात किती दुकानं, किती छोटे व्यापारी, किती वाहतूकवाले आहेत? त्यांच्यातल्या निम्म्यांना आजही तुम्ही फुकट सल्ला देत असणार, पानटपरीवर उभं राहून. त्यातले आठ-दहा जण महिन्याला ठरावीक पैसे देणारे झाले, की एलएल.बी.च्या तीन वर्षांची चूल पेटती राहते. आणि कदाचित, हे मी मुद्दाम म्हणते, कदाचित दोन वर्षांनी तुम्हाला वाटेल की काळ्या कोटाची गरजच नव्हती. वाटलं तर त्यात कमीपणा मानू नका.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तुमची एक गंमत करते. जिनिंगमधल्या प्रत्येक माणसाचा हिशेब तुम्ही केला असेल, स्वतःच्या ग्रॅच्युइटीचा केलाय का? बहुतेक दिवाणजींनी केलेला नसतो. सरळ आहे. शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २२ हजार धरले तर ३ लाख ४ हजारांच्या वर जातात. हंगामी मजुरांना हंगामाला सात दिवसांप्रमाणे मिळते, पण तुम्ही मस्टरवर बारमाही आहात, तुम्हाला १५ दिवसांचाच दर. मात्र या हिशेबात सगळे भत्ते धरले जातातच असं नाही, तेव्हा स्लिप काढून बघा की २२ मधले किती त्यात बसतात. हे तीन लाख म्हणजे मुलाची शेवटच्या वर्षाची फी आणि मुलीची बारावी. त्यातून लॉ कॉलेजची फी भरू नका. आणि पीएफच्या पेन्शनला हात लावू नका. १० वर्षांहून जास्त नोकरी झालीय, ५८ला पेन्शन लागेल. ५० नंतर आधीच घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी होऊन मिळते. वकिलीच्या पहिल्या कोरड्या वर्षांत तो मोह होणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

५८चा आकडा आला तसं तुमच्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण आठवलं, जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. ५८ नंतर जिनिंगमध्ये तुम्हाला कोण ठेवेल? शेठजींचा मुलगा तोवर गादीवर बसलेला असेल, त्याचा स्वतःचा माणूस असेल, जळगावचा कुणी अकाउंटंट मोबाइलवर सगळं करत असेल. वकिलाला निवृत्तीचं वय नाही. पुढच्या वर्षी प्रवेश घेतलात तर ५१व्या वर्षी पदवी, ५२ला सनद, आणि ५८व्या वर्षी, इतर दिवाणजी ओट्यावर बसायला लागतात तेव्हा, तुमच्या हातात सहा वर्षांची वकिली असेल. या हिशेबाने मला तुमचं वय उलट बरोबर वाटतं. पस्तिशीत तुम्ही हे केलं असतं तर मी जास्त घाबरले असते.

आणखी एक. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, तारखा जागच्या जागी. असं लिहिता येणारे वकील कमी आहेत, हे मी वकिलांच्या शेजारी बसून बघितलंय.

पण धरणगावातच वकिली करायची म्हणता, तर शेठजींच्या विरुद्धचं पहिलं प्रकरण कधी ना कधी येणारच. कुणी शेतकरी म्हणेल, तुम्ही तर आतले, तुम्हाला सगळं ठाऊक. त्या दिवशी काय कराल हे आज ठरवून ठेवा. २४ वर्षांच्या वह्यांत तुम्ही जे बघितलं ते शेठजींनी विश्वासाने दाखवलेलं आहे, ते कोर्टात काढायचं नाही. अशी प्रकरणं घ्यायचीच नाहीत. आणि गावात जिनिंगवाले, व्यापारी, अडते सगळे एकमेकांचे नातेवाईक किंवा भागीदार, म्हणजे घ्यायची नाहीत अशी प्रकरणं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. अमळनेर किंवा जळगावला बसायचा विचार करून बघा.

आता वहिनी. सबंध पत्रात त्यांना दीड ओळ आहे, आणि त्यातली अर्धी 'अजून सांगितलेलं नाही' ही. वडिलांना सांगितलं, मला सांगितलं, मी ते पेपरात छापलं, आणि ज्यांच्या शिलाई मशीनवर पुढची तीन वर्षं घर चालणार त्यांना पत्ता नाही. हे आज संध्याकाळी करा. कधी, कसं, कुठल्या शब्दांत, हे विचारू नका. त्यांच्याकडून एक 'नाही' येईल, दुसऱ्या दिवशी एक प्रश्न येईल, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल. ते शोधा. माझ्या घरी तो प्रश्न होता, 'आणि जमलं नाही तर?' माझे यजमान एवढंच बोलले होते, आणि मी तीन दिवस रागावून बसले होते. रागाचं कारण असं की प्रश्न बरोबर होता.

यंदाचं वर्ष सोडून द्या. सीईटीचे अर्ज हिवाळ्यात निघतात, पुढच्या हिवाळ्यात भरा. तोवर जीएसटीची नोंदणी करा, आणि एप्रिलमध्ये, आवक ओसरली की, आठ-दहा दिवस धरणगावच्या कोर्टात नुसते जाऊन बसा. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते म्हणून एप्रिलच. मागच्या बाकावर बसून बघायचं. सकाळपासून बसलेल्या माणसाला चार वाजता पुढची तारीख मिळते आणि तो रिकाम्या हाती एसटी पकडतो, हे दहा वेळा बघा. ११व्या दिवशीही जावंसं वाटलं, तर शेठजींशी बोला. पूर्णवेळ नोकरी संपवून, बाहेरून हिशेब बघण्याचं ठरवता येईल का, हंगामात संध्याकाळचे दोन तास येता येईल का. २४ वर्षं जुना माणूस कायमचा जाण्यापेक्षा अर्धा राहिलेला त्यांनाही परवडेल. मात्र ग्रॅच्युइटी त्याच वेळी चुकती करून घ्या, 'नंतर बघू' वर सोडू नका. हे मी तुम्हाला शिकवायला नको.

तर, तो चेक.

तुमचं पत्र मी आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मुदत गेली कुठे? चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने जिवंत असतो. तेवढ्यात पुन्हा बँकेत भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर तिथून नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयानेच हे मान्य केलेलं आहे. ५ जानेवारीचा चेक, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वेळ होता. फोनवर हे सांगितल्यावर तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग विचारलंत, 'म्हणजे मी त्याला चुकीचं सांगितलं?' हो भाऊ, चुकीचं सांगितलं. अर्धं ठाऊक असलेला कायदा असाच असतो.

५ मार्चला चेक पुन्हा भरला गेला, ६ तारखेला पुन्हा परत आला. नोटिशीचा मसुदा तुम्ही स्वतः लिहून वकीलबाईंना पाठवलात आणि त्याचा फोटो मलाही. दीड पान. त्यात १४ क्विंटल कापसाची प्रत होती, ओलावा होता, गाडीचा नंबर होता, व्यापाऱ्याच्या नीतिमत्तेवर सात ओळी होत्या. आणि शेवटी, दिवाणजीच ते, व्याज लावून १ लाख १ हजारांची मागणी. वकीलबाईंनी सात ओळींवर एक तिरकी रेघ मारली आणि व्याजाच्या आकड्याभोवती गोल केला. चेक ९८ हजारांचा, तर या नोटिशीत मागायचे ९८ हजारच, नाहीतर एवढ्यावरून अख्खी नोटीस पडू शकते. बाकी चेकचा नंबर, तारखा, बँकेचा शेरा, यातलं एक अक्षर त्यांनी बदललं नाही.

१० तारखेला ती स्पीड पोस्टाने गेली आहे. पोचपावती परत येईल तेव्हा तिच्यावरची तारीख बघा. तिथून १५ दिवस त्या व्यापाऱ्याचे. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढचा एक महिना तुमच्या शेतकऱ्याचा, तेवढ्यात तक्रार कोर्टात दाखल व्हायला हवी. दोन्ही तारखा त्याच्या चेकच्या झेरॉक्सवर लाल शाईने लिहा, आणि एक प्रत त्याच्या खिशात द्या.

तुमची,
ताई